घरात शिजेल तेच

९ सप्टेंबर

चिरंजीव,

आशीर्वाद लिहायची जागा मुद्दाम कोरी सोडली आहे. विसरून नाही, रागाने.

फोन तू उचलत नाहीस. उचललास तर 'मीटिंगमध्ये आहे' म्हणतोस. लिफ्टच्या कंपनीत एवढ्या मीटिंगा कसल्या होतात ते मला कळत नाही. लिफ्ट वर जाते आणि खाली येते, यात चर्चा करण्यासारखं आहे काय? म्हणून हे पत्र तुझ्या ऑफिसच्या पत्त्यावर पाठवते. पाकिटावर 'खाजगी' लिहिलं आहे, म्हणजे तुझ्या हातात पडण्याआधी ते चारजण वाचतील. वाचू देत.

तू गेल्यापासून मी तुझ्या घरी राहते आहे. तुझ्या बायकोने बोलावलं नव्हतं, माझी मीच गेले. तिला चष्म्याच्या दुकानात कामावर परत जायचं होतं, मूल कुणाकडे ठेवायचं हा प्रश्न होता, आणि उत्तर दोन गल्ल्या पलीकडे पेन्शन खात बसलं होतं. तुझ्या कपाटात आता माझे कपडे आहेत. ते लावताना दिसलं, की तू गरम कोट नेलास आणि नेलकटरही नेलंस. माझी सगळी नोकरी कस्टम्समध्ये लोकांच्या बॅगा उघडण्यात गेली. चार दिवस डोकं शांत करायला जाणारा माणूस नेलकटर नेत नाही. हे मी तुझ्या बायकोला सांगितलेलं नाही.

पण पत्र लिहिण्याचं कारण वेगळं आहे. तुझ्या मुलाचं वजन वाढत नाहीये. दहा महिन्यांचा झाला. गेल्या खेपेला काटा जिथे होता तिथेच या खेपेला. डॉक्टरीणबाई माझ्या निम्म्या वयाची आहे, पण तिने त्याला असं काही उलटसुलट तपासलं की मला माझी नोकरी आठवली. मग विचारलं, काय खातो? तुझ्या बायकोने खरं ते सांगितलं. बाटलीतलं तयार पातळ मिश्रण, दुधात भिजवलेली गोड बिस्किटं, फळाचा म्हणून मिळतो तो साखरेचा रस. फोनवर चित्रातला कुत्रा धपकन पडला की हा तोंड उघडतो, तेवढ्यात चमचा आत.

डॉक्टरीण म्हणाली, "हे सगळं बंद. घरात शिजेल तेच द्या. तुमच्याच भांड्यातलं. मीठ-तिखट घालायच्या आधी त्याचा वाटा काढायचा, मऊ करायचा, आणि तुम्ही जेवायला बसाल तेव्हा त्यालाही बसवायचं. घरात जेवायच्या वेळा काय आहेत?"

आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. चोरटा माल सापडल्यावर नवरा-बायको पाहतात ना, तसं. कारण घरात काही शिजतच नव्हतं. ती सिंकपाशी उभी राहून कोरडा पाव खाते. मी चहात टोस्ट बुडवते. ज्या घरात जेवणच होत नाही, त्या घरातलं जेवण मुलाला कुठून द्यायचं?

महिनाभराने वजन असंच राहिलं तर हॉस्पिटलात ठेवून बघावं लागेल, असं तिने सांगितलं आहे. नाकातून भरवायच्या नळीचा उल्लेख केला. तुझ्या बायकोने तो ऐकला नसावा, मी ऐकला.

तू ये. भांडण असेल ते तुम्ही मागाहून करा. आधी एक माणूस टेबलाशी कमी आहे, तो पुरा कर.

आई


२१ सप्टेंबर

चिरंजीव,

तुझं उत्तर मिळालं. 'बघतो.' पत्राला एका शब्दाचा निरोप, तोही बायकोच्या फोनवर, 'आईला सांग' म्हणून. आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टर असत्या तर त्यांनी तो शब्द तुला शंभरदा लिहायला लावला असता.

तुम्ही इस्त्रीला वापरत होतात ते घडीचं टेबल मी खोलीच्या मधोमध आणलं. त्याला साहेबांची उंच खुर्ची जोडली. तुझ्या मुलाला मी साहेब म्हणते. वाटीकडे असा बघतो, की सहीला कागद पुढे आलाय आणि पहिल्याच ओळीत चूक आहे.

भोपळा केला, मसूर केली, बटाटा कुस्करला, अंडं उकडलं. तिने आपल्या ताटात चमचाभर घेतलं, फक्त दाखवण्यापुरतं. पहिला घास साहेबांनी बरा घेतला. दुसऱ्याला तोंड घट्ट. पुढच्या वेळी तेच. त्याच्या पुढच्या वेळीही तेच. एक घास, आणि दुकान बंद. मी भोपळ्याला दोष दिला, मसुरीला दिला, तुझ्या घराण्याला तर दिलाच. खालच्या मजल्यावरच्या बाई म्हणाल्या, थोडा मध चाटवा, भूक सुटेल. डॉक्टरणीला फोन केला तर ती जवळजवळ ओरडलीच. वर्षाच्या आत मध अजिबात नाही.

शेवटी तुझ्या बायकोलाच दिसलं. दिवसभर लोकांचे डोळे तपासते, तिला दिसायलाच हवं.

"आई, तुम्ही त्याचं तोंड पुसता ना, तिथेच तो मिटतो."

"मग काय बरबटलेला ठेवू?"

"त्याला वाटतं, संपलं. जेवण झालं की आपण तोंड पुसतो. त्याला तेवढंच माहीत आहे."

तुला माझं रुमालाचं वेड ठाऊक आहे. सिस्टरांच्या भोजनगृहात एकीच्या ओठाला कण दिसला तर सगळं टेबल चमचे खाली ठेवून थांबायचं. मी दर घासाला पुसत होते, म्हणजे दर घासाला त्याचं जेवण संपवत होते. ते पोर शिस्तीत पहिल्या घासावर समाधान मानून उठायला तयार होत होतं.

रुमाल माझ्याकडून काढून घेण्यात आला आहे. आता भोपळा भुवयांपर्यंत जातो. वाटाणे तो चिमटीत धरून तपासतो, काही खातो, काही जमिनीवर पाठवतो. काल एक वाटाणा माझ्या चष्म्यावर बसला. तुझी बायको हसली. आवाज नाही झाला, पण खांदे हलले. तू गेल्यावर पहिल्यांदा.

अजून 'बघतो' आहेस का?

आई


५ ऑक्टोबर

चिरंजीव,

खातो आहे. फार नाही, पण खातो. दूध चालू आहेच. आता जे घडलं ते सांगते, आणि तू ते नीट वाच.

चार-पाच घासांनंतर त्याचं लक्ष उडतं, म्हणून मी घासांना नावं द्यायला लागले. हा आईचा, हा आजीचा, हा खालच्या मांजरीचा, हा पोस्टमनचा, आणि शेवटचा बाबाचा. तुला शेवटी ठेवलं ते मान म्हणून नव्हे. वाटीतला शेवटचा घास कुणालाच नको असतो, तो तुझ्या नावावर खपायचा. हे सगळं दुपारी चालायचं, ती दुकानात असताना. त्या दिवशी सुट्टी होती आणि ती समोर बसली होती. मी आपली सवयीने म्हणून गेले.

तिने ताट पुढे सारलं.

"बापाचं नाव त्याच्या पोटात कशाला घालता, आई? बाहेर पडलंय ना, मग राहू दे बाहेर."

आणि उठून आत गेली. ताट तसंच. मी बोलायचं ते बोलले, बंद दाराशी. भांडण नवऱ्याशी आहे, बटाट्याशी नाही, वगैरे. दाराने ऐकून घेतलं.

दुसऱ्या दिवशी रात्रीच्या जेवणाला मी पोस्टमनपाशी थांबले. वाटी संपली होती. साहेब मात्र तोंड उघडून बसलेले. मी म्हटलं, संपलं रे. तोंड उघडंच. मी तळाचं खरवडलं आणि म्हटलं, हा अजून एक पोस्टमनचा. त्याने तोंड मिटून मान फिरवली. पोस्टमनचा होऊन गेला होता, हे त्याला माहीत होतं. मी चमचा खाली ठेवला की पुन्हा उघडं. रडला नाही. नुसता वाट बघत होता, दारात उभं राहावं तसा.

तुझी बायको हे सगळं पाहत होती. तिने आपल्या ताटातला बटाटा बोटाने मोडला, त्याच्या तोंडाशी नेला आणि 'बाबाचा' म्हणाली. इतकं हळू, की मला ऐकू आलं नाही, ओठ दिसले. त्याने घेतला. मग खुर्चीवर हात आपटून त्याने स्वतःच जेवण संपल्याचं जाहीर केलं.

भांडी घासताना ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "रविवारी बोलवा त्याला. जेवायला."

तेव्हा हे बोलावणं माझं नाही, तिचं आहे. येत्या रविवारी, एक वाजता. आम्ही एकला जेवतो. हे वाक्य मी पुन्हा लिहिते, कारण लिहायला बरं वाटतं. आम्ही एकला जेवतो.

काही आणू नकोस. भूक आण.

आई


१३ ऑक्टोबर, सोमवार

तू चारला आलास.

एकला ताट वाढून झालं होतं. तिने मासा आणला होता, काटा न् काटा काढला होता, दिव्याखाली धरून पुन्हा तपासला होता. कानात काहीतरी घातलं होतं, मला ते दिसलं हे तिला दिसलं आणि ती लाल झाली. दीडला साहेब खुर्चीत पेंगायला लागले, तेव्हा आम्ही त्यांना भरवलं. आम्ही दोघी थांबलो. तुझं ताट दुसऱ्या ताटाने झाकून ठेवलं. तीनला ती म्हणाली, ट्रॅफिक असेल. रविवारी.

मग तू आलास, हातात कळ फिरवली की ओरडणारं माकड, बिस्किटांचा डबा आणि रसाची बाटली घेऊन. मी पत्रात लिहिलं होतं, काही आणू नकोस. तू माझी पत्रं शेवटपर्यंत वाचत नाहीस.

तू जाडावला आहेस. मला आनंद झाला नाही.

ती ताटावरचं ताट उचलायला गेली आणि तू म्हणालास, "राहू दे गं, मी जेवून आलोय."

तुला काही जाणवलं तरी का? तू ते किती सहज बोललास. शेजाऱ्याकडे डोकावणारा माणूस बोलतो तसं. रविवारी दुपारी घरी जेवायला बोलावलेला नवरा जेवून येतो, म्हणजे कुणीतरी त्याला जेवू घालून पाठवतं. तुझ्या शर्टाचं दुसरं बटण नवीन होतं, आणि पक्कं, खाली दोऱ्याचे वेढे देऊन लावलेलं. तुला बटण लावता येत नाही. तिलाही येत नाही. मला नेलकटरपासून माहीत होतं. तिला काल कळलं, तिच्या हातात ताट असताना.

तिने ते ताट परत ठेवलं, आवाज न करता. बाकी तू बघितलंच आहेस. तू त्याला मांडीवर घेऊन बिस्किटं खाऊ घातलीस, माकड ओरडलं, तो खिदळला, आणि तू आम्हाला म्हणालास, खातोय की छान, तुम्ही उगाच बाऊ करता. मग घड्याळ बघितलंस.

संध्याकाळी साहेबांनी काही खाल्लं नाही. त्यात नवल नाही, पोटात साखर होती. आज सकाळीही नाही. आज दुपारीही नाही.

मासा मी फेकला नाही. खालच्या मांजरीला दिला.

आई


९ नोव्हेंबर

चिरंजीव,

मध्ये लिहिलं नाही. लिहिलं असतं ते पोस्टाने नेलं नसतं.

आठवडाभर मी बिस्किटांना शिव्या देत होते. चूक बिस्किटांची नव्हती. तुझी बायको त्या रविवारनंतर जेवायची थांबली. टेबलाशी यायची, बसायची, ताट पुढे घ्यायची, आणि भात इकडून तिकडे न्यायची. मी एकटी चावत होते, तेही रागाने. त्या पोराने एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि तिची बाजू घेतली. तोंड मिटलं ते मिटलं. नावं देऊन झाली. चमचा बदलून झाला. एकदा मी जबरदस्ती केली, त्याने सगळं बाहेर काढलं.

वजन घटलं. हॉस्पिटलात ठेवलं. तुला तिने कळवलं होतं, तू फुलं पाठवलीस. लहान मुलांच्या वॉर्डात फुलं चालत नाहीत, ती नर्सच्या टेबलावर सुकली.

सगळ्या तपासण्या झाल्या. कुठे काही नाही. मग डॉक्टरीण तिच्या शेजारी खाटेवर बसली. मी दारात बाटल्या धुवून उभी होते.

"तुम्ही जेवता का?"

"भूक नाही."

"त्यालाही नाही," डॉक्टरीण म्हणाली. "तो शिकतोय हो. कुणाकडे बघून शिकणार?"

हे ती रागाने म्हणाली नाही. रागाने म्हणाली असती तर मी मध्ये पडले असते.

थोड्या वेळाने सोबतच्या माणसांसाठी ट्रे आला. फडफडीत भात, पाण्यासारखी डाळ, गाजराचे तुकडे. तुझ्या बायकोने ट्रे मांडीवर घेतला आणि जेवायला लागली. मी आयुष्यात खूप माणसं जेवताना पाहिली आहेत, अशी पाहिली नाहीत. प्रत्येक घास ती चावायची, गिळायची, थांबायची, मग पुढचा. ओझी वाहणारा माणूस पायऱ्या चढतो तशी. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते तिने पुसलं नाही, दोन्ही हात ट्रेवर होते. तो पडल्या पडल्या तिच्या जबड्याकडे बघत होता. मग पालथा झाला, रांगत आला, आणि त्याने तिच्या डाळीत हात घातला.

मी आत गेले नाही. बाटल्या पुन्हा धुवायला नेल्या.

आता घरी आहोत. ती रोज जेवते. भूक अजून नाही, ती तसं लपवतही नाही. पण एक वाजता दुकानातून येऊन आणि पुन्हा आठ वाजता बसते, आणि ताट संपवते, कारण समोर एकजण बघत असतो. वजन थोडं चढलं आहे. तुझ्यापुढे फुशारकी मारण्याइतकं नाही.

तुझं पत्र मिळालं. पहिलं खरं पत्र, आणि आईला टाइप केलेलं. मुलगा तुला रविवारी हवा आहे, सकाळपासून संध्याकाळपर्यंत, तुझ्या नव्या घरी. मी ते तिला मोठ्याने वाचून दाखवलं आणि म्हटलं, फाडून टाकते. ती म्हणाली, नको, त्याचा बाप आहे. मी म्हटलं, असेल. ती म्हणाली, आई, आहे.

तेव्हा तो येईल. ती म्हणते, आणखी एकदा वजन करून बघितल्यावर. मला लिहायला सांगितलं आहे, ते लिहिते. एक वाजता त्याला टेबलाशी घ्या आणि तुम्हीही बसा. तुमच्या ताटात असेल तेच त्याला द्या, मीठ पडायच्या आधी काढून, मऊ करून. हाताने खाऊ द्या. सांडेल, सांडू द्या. नको म्हणाला तर नको, मागे लागायचं नाही. फोन समोर धरायचा नाही. दाणे, द्राक्षं अख्खी द्यायची नाहीत, घशात अडकतात. तोंड एकदाच पुसायचं, शेवटी. आणि तू त्याच्यासमोर जेव. जेवून आलोय हे तिथे चालणार नाही, ते तुझंच घर आहे.

हे तिथे जी कुणी शिजवते तिला वाचून दाखव. तिचं नाव मला कळवू नकोस. माझ्या लक्षात राहील.

आई


१४ डिसेंबर, रविवार

चिरंजीव,

सकाळी तू जिन्यातच थांबलास, वर आला नाहीस. ते बरं केलंस. त्याची टोपी तू उलटी घातलीस, ती मी वरून पाहिली, हाक मारली नाही.

आम्ही सवयीने शिजवलं. गाजर, मसूर, भात. मीठ घालायच्या आधी तिने वाटीत काढलं, आणि मग वाटी हातात घेऊन उभी राहिली. पुन्हा भांड्यात ओतलं.

एक वाजता बघते तर ही सिंकपाशी. हातात पाव.

मी म्हटलं, "बस."

"आज कुणासाठी, आई?"

मी दोन ताटं मांडली. तिच्या ताटात मी वाढलं, माझ्या ताटात तिने. बसलो. उंच खुर्ची मध्येच होती, ती बाजूला करायचं धैर्य दोघींनाही झालं नाही. तिने अर्धं खाल्लं. अर्ध्यावर तिने माझ्याकडे बघितलं, मी चावते आहे का ते पाहायला. मी चावत होते. मग तिने उरलेलं खाल्लं.

ती आता आत पडली आहे. झोपलेली नाही. मी टेबलाशीच बसून हे लिहिते आहे, ताटं अजून उचललेली नाहीत.

हे पत्र तुला बुधवारी मिळेल. तोवर तो कधीचा परत आलेला असेल, त्याच्या तोंडावरून मला सगळं कळलेलंही असेल. तरी विचारते. तो जेवला का, एवढं कळव.

तुझं मी विचारलेलं नाही.

आई